झिगफेल्डने गाणं लिहिलं नाही, नाच बसवला नाही, मग रेव्ह्यू त्याचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फ्लोरेन्झ झिगफेल्ड या न्यूयॉर्कच्या नाट्यनिर्मात्याने एकही गाणं लिहिलं नाही, चाल लावली नाही, नाच बसवला नाही, पडदा रंगवला नाही. तरी अमेरिकन म्युझिकल रेव्ह्यूचा, म्हणजे सलग गोष्ट नसलेल्या गाणी, नाच आणि विनोदी प्रवेशांच्या खेळाचा, विषय निघाला की पहिलं नाव त्याचंच येतं. हे श्रेय नुसतं पैशाचं आणि जाहिरातबाजीचं आहे का? मुळात सगळं पॅरिसवरून उचललेलं नाही का? आणि नाट्यशास्त्राच्या निबंधात पुरावा म्हणून दाखवायचं काय?

उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. पैसा होताच, आणि सुरुवातीला तोही दुसऱ्यांचाच होता. झिगफेल्डचा खरा प्रभाव निवड, क्रम आणि काटछाट या तीन कामांत आहे. ज्या प्रकारात सलग गोष्ट नसते, तिथे ही तीन कामं करणारा माणूसच त्या संध्याकाळचा लेखक असतो.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकात एक अडकलेत. रेव्ह्यू सुरू कोणी केला, हा एक. त्याला पुढची वीस वर्षं टिकलेलं रूप कोणी दिलं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर झिगफेल्ड नाही. न्यूयॉर्कच्या कसिनो थिएटरमध्ये १८९४ साली जॉर्ज लेडररने ‘द पासिंग शो’ केला, आणि अमेरिकेतला पहिला रेव्ह्यू म्हणून सहसा त्याचंच नाव घेतात. पॅरिसमध्ये हा प्रकार त्याच्याही आधीपासून रुळलेला होता. झिगफेल्डची सहचरी आणि तेव्हाची नावाजलेली गायिका अ‍ॅना हेल्ड पॅरिसच्या रंगभूमीवरूनच आलेली. असं काहीतरी न्यूयॉर्कमध्ये कर, हे तिनेच सुचवलं. झिगफेल्डच्या वार्षिक रेव्ह्यूचं ‘फॉलीज’ हे नावसुद्धा पॅरिसच्या ‘फोली बेर्जेर’ या रंगगृहाची आठवण करून देणारं. तेव्हा उचललं का, तर हो, उचललं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मात्र जरा खोलात जावं लागतं.

कोणत्या वर्षांबद्दल बोलतोय यावरही बरंच अवलंबून आहे. १९०७ ते १९१४ चा झिगफेल्ड हा हुशार संयोजक. १९१५ ते १९२२ या काळात त्याच्या हाताखाली रेव्ह्यूचं रूप पक्कं झालं. त्यानंतर त्याचे प्रतिस्पर्धी पुढे गेले आणि त्याचं स्वतःचं लक्ष कथानक असलेल्या संगीतिकांकडे वळलं. निबंधात या तिन्ही काळांना एकच माप लावलंत तर घोळ होईल.

आता व्होडव्हिल, म्हणजे सुट्या आयटमांचा करमणुकीचा कार्यक्रम, आणि रेव्ह्यू यांतला फरक बघा, कारण सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. व्होडव्हिलमध्ये प्रत्येक कलाकार आपला आयटम तयार करूनच येई. कपडे त्याचे, वादकांना द्यायची स्वरलिपी त्याची, कधीकधी पडदाही त्याचाच. थिएटरचा व्यवस्थापक फक्त क्रम लावे आणि पुढच्या आठवड्यात दुसरे आयटम आणे. रेव्ह्यूत एकच संच असतो, तो एकत्र तालीम करतो, तेच चेहरे रात्रभर वेगवेगळ्या प्रवेशांत येतात, आणि विषय चालू घडामोडींचे असतात. गाणी पाच जणांची, विनोदी प्रवेश तिघांचे, नाच दोघांचे. त्यामुळे संपूर्ण रात्र डोक्यात असलेला लेखक तिथे नसतोच. ती जागा रिकामी असते आणि निर्मात्याला ती भरावी लागते. झिगफेल्डच्या आधीच्या बऱ्याच जणांनी ती अर्धवट भरली. त्याने ती पूर्ण ताब्यात घेतली.

सुरुवात साधी होती. ‘फॉलीज ऑफ १९०७’ चा पहिला प्रयोग ८ जुलै १९०७ ला न्यूयॉर्क थिएटरच्या गच्चीवर झाला. त्या गच्चीला नाव दिलं होतं ‘जार्दिं द पारी’. वातानुकूलन नव्हतं, त्यामुळे उन्हाळ्यात न्यूयॉर्कची बंदिस्त थिएटरं ओस पडत, म्हणून गच्चीवर कार्यक्रम होत. जागेचे मालक क्लॉ आणि अर्लँगर. देशभरातल्या नाटकांच्या तारखा मुठीत ठेवणाऱ्या सिंडिकेटमधली ही जोडी. झिगफेल्ड त्यांच्याकडे आठवड्याला २०० डॉलर घेऊन काम करत होता, आणि निर्मितीचा खर्च साधारण १३ हजार डॉलर झाला असं सांगतात. हॅरी बी. स्मिथने लिहिलेला धागा अगदी बारीक होता: पोकाहॉन्टस आणि कॅप्टन जॉन स्मिथ ही सतराव्या शतकातली माणसं १९०७ च्या न्यूयॉर्कमध्ये येतात आणि शहर बघतात. गच्चीवर लोक उशिरा येतात, खातात-पितात, गप्पा मारतात, वाऱ्यावर आवाज विरतो. तिथे कथानक टिकत नाही. कुठूनही बघायला लागलं तरी कळेल असे छोटे, झगझगीत, एकमेकांवर न टेकलेले प्रवेशच तिथे चालतात. रेव्ह्यूची ही घडण मोठ्या प्रमाणावर जागेतून आणि ऋतूतून आली, आणि निबंधात हे जरूर लिहा.

नावात वर्ष घालण्याचा फायदाही इथेच दिसतो. ‘१९०७’ म्हटलं की पुढच्या उन्हाळ्यात ‘१९०८’ आपोआप आलं. शिळे झालेले विषय टाकून देता येतात आणि जुना प्रेक्षक नव्याने तिकीट काढतो. न्यूयॉर्कचा हंगाम आटोपला की तोच खेळ इतर शहरांत दौऱ्यावर जाई. शीर्षकात झिगफेल्डचं स्वतःचं नाव १९११ साली आलं. १९१३ पासून खेळ बेचाळिसाव्या रस्त्यावरच्या न्यू अ‍ॅमस्टरडॅम थिएटरमध्ये होऊ लागला. खोल रंगमंच, खालून वर उचलणारे लिफ्ट, सतराशेच्या आसपास आसनं. खरं काम इथून सुरू झालं.

क्रम लावणं म्हणजे काय, ते नीट सांगतो, कारण बाहेरून बघणाऱ्याला हे काम दिसतच नाही. अमेरिकन व्होडव्हिलमध्ये रंगमंचाची खोली पट्ट्यांत मोजत. सगळ्यांत पुढच्या पडद्याच्या अलीकडची पट्टी म्हणजे ‘वन’, मागे ‘टू’, ‘थ्री’, आणि सगळा रंगमंच मोकळा म्हणजे ‘फुल स्टेज’. आपल्या जुन्या संगीत नाटक कंपन्यांत पुढे रस्त्याचा पडदा टाकून एखादा प्रवेश करायचा आणि तेवढ्यात मागे राजवाडा लावायचा, तीच युक्ती. रेव्ह्यूत दोन भव्य प्रवेश लागोपाठ ठेवता येत नाहीत. जिना, चौथरे हलवायचे, वरचे पडदे ओढायचे, चाळीस बायकांनी कपडे बदलायचे, याला वेळ लागतो. म्हणून भव्य प्रवेश, मग ‘वन’मध्ये एक माणूस, मग पुन्हा भव्य प्रवेश, असा सांगाडा बनतो. मागच्या बदलाला आठ मिनिटं लागत असतील आणि पुढचा विनोदी कलाकार सहा मिनिटांत संपत असेल, तर दोन मिनिटांचं भगदाड पडतं. आणखी एक अडचण आवाजाची. पडद्यामागे लाकूड सरकतं, हातोडे पडतात. म्हणून जड बदलाच्या पुढे खणखणीत विनोद ठेवायचा आणि हळुवार गाणं अशा ठिकाणी ठेवायचं जिथे मागे फक्त एक पडदा वर जाणार आहे. उलट केलंत तर चांगलं गाणं मरतं आणि दोष गायिकेवर येतो.

आता फॉलीजमधला विनोदी कलाकार विल रॉजर्स याच्याकडे या नजरेने बघा. हातात दोर, तोंडात च्युइंगगम, पुढे रंगवलेला एक पडदा. बस. बोलायला लागला की पाच मिनिटंही चालेल आणि बाराही. ज्याच्यामागे अख्खा जिना उतरवून दुसरा चढवता येतो, असा कलाकार रेव्ह्यूला सोन्याच्या मोलाचा. झिगफेल्डला विनोदात फारसा रस नव्हता हे त्याच्याबरोबर काम केलेल्या अनेकांनी सांगितलंय. तरी १९१० ते १९२० च्या दशकात बर्ट विल्यम्स, फॅनी ब्राइस, लिऑन एरॉल, एड विन, डब्ल्यू. सी. फील्ड्स, रॉजर्स आणि एडी कँटर असा विनोदी ताफा त्याच्याकडे होता. त्याला हवी होती ती भव्य दृश्यं, आणि या ताफ्याशिवाय ती दृश्यं एकामागोमाग लावताच आली नसती. हे त्याला पक्कं कळलं होतं असं मला वाटतं.

कोरसचं, म्हणजे समूहात येणाऱ्या मुलींच्या संचाचंही तसंच. उंच, सावकाश चालणाऱ्या, भारी कपडे मिरवणाऱ्या त्या ‘शोगर्ल्स’, आणि ठेंगण्या, चपळ, खऱ्या नाचणाऱ्या त्या ‘पोनी’. हे दोन गट नुसते नजरेच्या वैविध्यासाठी नव्हते. एक गट रंगमंचावर असताना दुसरा कपडे बदलतो. पिसांचा मुकुट, मण्यांचा झगा आणि लांब पदर चढवायला किती हात लागतात हे ज्याने एकदा पाहिलंय, त्याला हे दोन गट का लागतात ते समजावून सांगावं लागत नाही.

१९१६ ते १९१९ च्या फॉलीजची आखणी नृत्यदिग्दर्शक नेड वेबर्नने केली. ‘झिगफेल्ड वॉक’ म्हणून प्रसिद्ध झालेली चालही त्याचीच: कंबर एका बाजूला पुढे, खांदा विरुद्ध बाजूने पुढे, हनुवटी वर, पाऊल अगदी संथ. ही चाल जिन्यातून आली. पायऱ्या अरुंद, उतार तीव्र, डोक्यावर उंच मुकुट, नजर प्रेक्षकांवरून खाली वळवायची नाही. सरळ उतरायला गेलं तर पावलाचा पुढचा भाग पायरीबाहेर लोंबकळतो आणि तोल जातो. शरीर तिरकं ठेवलं की पाऊल पायरीवर आडवं बसतं, वजन मागच्या पायावर राहतं, आणि खालून बघणाऱ्याला ती नजाकत वाटते. पुढे वर्षानुवर्षं रेव्ह्यू, सिनेमे आणि फॅशन शोमध्ये जी जिन्यावरची चाल दिसते, तिचा उगम अशा तांत्रिक अडचणीत आहे.

नेपथ्याचं उदाहरण सगळ्यांत ठोस आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. जोसेफ उर्बान हा व्हिएन्नाचा वास्तुविशारद. बॉस्टन ऑपेरासाठी तो अमेरिकेत आला होता. १९१४ साली ‘द गार्डन ऑफ पॅरडाइज’ हे नाटक न्यूयॉर्कमध्ये सपशेल पडलं, पण त्यातलं उर्बानचं नेपथ्य झिगफेल्डने पाहिलं आणि त्याला उचललं. पडलेल्या नाटकातून नेमका कामाचा माणूस हेरणं, ही त्याची निवड. १९१५ पासून फॉलीजचं रूपच पालटलं.

उर्बानने नेमकं काय बदललं? तेव्हा अमेरिकेत पडदे उभ्या चौकटीवर टांगून रंगवत. उर्बानचे कारागीर कापड जमिनीवर पसरून, लांब दांड्याच्या ब्रशांनी, उभं राहून रंगवत. ओला रंग ओघळत नाही, त्यामुळे ठिपक्यांवर ठिपके टाकता येतात. सपाट निळा फासण्याऐवजी तो निळ्यावर हिरवे, जांभळे, चंदेरी शिंतोडे टाके. दिव्याचा रंग बदलला की वेगळे ठिपके उजळतात आणि बाकीचे मावळतात. एकाच पडद्यावर संध्याकाळ होते आणि रात्र होते, पडदा न बदलता. ज्या खेळात प्रत्येक मिनिटाची मारामारी असते, तिथे याचा अर्थ एक आख्खा बदल वाचला. शिवाय तो मुख्य कमानीच्या आत दुसरी कमान उभारे. रंगमंचाचं तोंड लहान झालं की मागे लावायचं सामान कमी, हलवायला सोपं, आणि मधली आकृती मोठी दिसते.

याच्याही पुढचा परिणाम असा की सगळ्या प्रवेशांना एकच डोळा मिळाला. आधी प्रत्येक प्रवेशाचा पडदा वेगळ्या कारखान्यातून येई, रंग एकमेकांशी भांडत. आता विनोदी प्रवेश, जिना आणि शेवटचा देखावा हे एकाच घरातले वाटू लागले. कपड्यांसाठी फॅशन डिझायनर लुसील म्हणजे लेडी डफ गॉर्डन, सजीव चित्रांसाठी (माणसं निश्चल उभी राहून साकारतात त्या देखाव्यांसाठी) बेन अली हॅगिन अशी माणसं जोडली गेली. लुसीलची मॉडेल डोलोरेस हिला नाचता-गाता येत नसताना झिगफेल्डने रंगमंचावर आणलं. ती नुसती चालायची. १९१९ च्या ‘मिडनाइट फ्रॉलिक’मधला तिचा पांढऱ्या मोराचा पोशाख आजही छायाचित्रांत पाहायला मिळतो. मागे पसरलेला पिसारा आणि त्यापुढे अगदी निश्चल उभी बाई. हलली असती तर पिसारा कोलमडला असता, म्हणून सगळा भार उभं राहण्यावर.

‘मिडनाइट फ्रॉलिक’ हा दुसरा कार्यक्रम १९१५ मध्ये त्याच थिएटरच्या गच्चीवर सुरू झाला, रात्री बारा वाजता. खाली फॉलीज संपला की लोक लिफ्टने वर जात. टेबलं, जेवण, दारू, मधूनच डोक्यावरून जाणारा काचेचा पूल, आणि टाळ्यांऐवजी टेबलावर ठोकायला लाकडी हातोड्या. पैशाच्या दृष्टीने तेच गिऱ्हाईक एका रात्रीत दोनदा. कलेच्या दृष्टीने ती चाचणीची जागा झाली. रॉजर्स आधी इथे आला, १९१६ मध्ये खाली फॉलीजमध्ये गेला. कँटरचाही रस्ता तोच. इथे तेच लोक पुन्हा पुन्हा येत, त्यामुळे कालचा विनोद आज चालत नसे. रॉजर्स रोज वर्तमानपत्र वाचून ताजा मजकूर करू लागला तो या गरजेपोटी, आणि अमेरिकन रंगमंचावरचा राजकीय एकपात्री विनोद तिथून जोमाने वाढला. दारूबंदीने हा कार्यक्रम मोडला, कारण त्याचा नफा टेबलावरच्या बाटल्यांतून येत होता.

एक प्रवेश पूर्ण उलगडून दाखवतो: १९१९ चा फॉलीज. उद्घाटन जूनमध्ये, गाण्यांचा मोठा वाटा अर्व्हिंग बर्लिनचा. मुलींच्या एका मिरवणुकीसाठी गाणं हवं होतं. बर्लिनने प्रत्येक मुलीसाठी लोकांच्या कानावर असलेली एक अभिजात धून निवडली: मेंडेल्सनचं वसंतगीत, द्वोर्झाकचं ‘ह्यूमोरेस्क’, शूबर्टची सेरेनेड, ऑफनबाखचं ‘बार्करोल’ आणि अशा आणखी काही. मग या सगळ्यांना बांधून ठेवायला त्याने एक धागा-गीत लिहिलं. तेच ‘अ प्रिटी गर्ल इज लाइक अ मेलडी’. जॉन स्टील हा टेनर एका बाजूला उभा राहून गातो, एकेक मुलगी येते, तिची धून वाजते, ती जाते. गायक हलत नाही, मुली गात नाहीत, जिना एकदाच लागतो, आणि प्रत्येक मुलीला स्वतःची वाट मिळते. मागणी निर्मात्याची, रचना बर्लिनची, मुलींच्या चालण्याची ढब वेबर्नची, पार्श्वभूमी उर्बानची. आता सांगा, हा प्रवेश कोणाचा? माझ्या मते गाणं बर्लिनचंच, पण मिरवणुकीला गाणं हवं ही गरज निर्माण करणं आणि ते भागेपर्यंत अडून बसणं हे झिगफेल्डचं. पुढे सगळ्या फॉलीजचं ओळखगीत तेच झालं. त्याच रात्री, युद्धकाळातली दारूबंदी लागू व्हायला पंधरवडा उरलेला असताना, बर्ट विल्यम्स चहा पिऊन शिमी कशी नाचणार, असं गाणं म्हणत होता. एकीकडे शूबर्ट, दुसरीकडे आजच्या वर्तमानपत्रातली बातमी. हे दोन टोक शेजारी ठेवण्याची निवडही निर्मात्याचीच.

इथवर आलो तेव्हा थोडं एकत्र करतो: जागेने प्रकार घडवला, क्रमाने तो चालवला, आणि १९१५ नंतर एका नजरेखाली आलेल्या नेपथ्य-पोशाखाने त्याला प्रतिष्ठा दिली. आता या श्रेयाच्या दुसऱ्या बाजूला येतो, आणि ती निबंधात वगळू नका.

बर्ट विल्यम्सला झिगफेल्डने १९१० साली घेतलं. गोऱ्या संचात प्रमुख कलाकार म्हणून एक कृष्णवर्णीय माणूस, ही तेव्हा मोठी गोष्ट. काही कलाकारांनी कुरकुर केली, झिगफेल्ड हटला नाही, आणि त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. १९११ मध्ये बांधकाम चालू असलेल्या ग्रँड सेंट्रल स्थानकावरचा प्रवेश विल्यम्स आणि लिऑन एरॉल करत. हमाल झालेला विल्यम्स प्रवासी झालेल्या एरॉलला कमरेला दोर बांधून उंच लोखंडी तुळयांवरून नेतो. लिहिलेले संवाद थोडे, बाकी सगळं रोज रंगमंचावर वाढवलेलं. पण हाच विल्यम्स तोंडाला काळा रंग फासून उभा राहत होता, कारण प्रेक्षकांना तेच हवं होतं आणि निर्मात्याने ते बदललं नाही. १९१४ साली झिगफेल्डने न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या ‘डार्कटाउन फॉलीज’ या वेगळ्या खेळातलं जे. लूब्री हिलचं ‘अ‍ॅट द बॉल, दॅट्स ऑल’ हे समूहनृत्य विकत घेतलं. ते गोऱ्या कोरसला शिकवायला हार्लेमची नर्तिका एथेल विल्यम्स आली. रंगमंचावर मात्र तिला स्थान नव्हतं. पैसे दिले म्हणजे हिशोब मिटला असं मी मानत नाही. फॉलीजच्या ‘अमेरिकन मुलगी’च्या गौरवात एकाच वर्णाची, एकाच ठेवणीची मुलगी बसत होती, आणि पुढच्या रेव्ह्यूंनी ते माप तसंच उचललं. हाही प्रभावच.

दुसरी बाजू काटछाटीची. फॉलीजची चाचणी बहुधा अटलांटिक सिटीत होई. तिथे खेळ प्रचंड लांबायचा, मग प्रवेश उडवायचे, क्रम उलटसुलट करायचा, नव्याने तालीम करायची. तयार झालेले, कपडे शिवून झालेले प्रवेशही तो टाकून देई, आणि याचं फार कौतुक होतं. पण त्या काळी तालमीचे पैसे मिळत नसत आणि तालमींना मर्यादा नसे. कोरसमधल्या मुली आठवडेच्या आठवडे फुकट राबत. टाकून देण्याची चैन त्या फुकट वेळावर उभी होती. ऑगस्ट १९१९ मध्ये अ‍ॅक्टर्स इक्विटी या नटांच्या संघटनेचा संप झाला तेव्हा फॉलीजही बंद पडला. कँटर बाहेर पडणाऱ्यांत होता. कोरसची वेगळी संघटना तेव्हाच उभी राहिली, मारी ड्रेसलरच्या अध्यक्षतेखाली. सप्टेंबरमध्ये तडजोड झाली ती फुकट तालमींना मर्यादा आणि आठवड्याला आठ प्रयोग हे मान्य होऊन. त्यानंतर प्रत्येक बदलाला किंमत आली. १९२० च्या दशकातल्या रेव्ह्यूंचा खर्च वाढण्याची कारणं शोधताना लोक पिसं आणि रेशमाकडे बोट दाखवतात, पण हे कारण तितकंच मोठं आहे.

तिसरी बाजू संगीताची, आणि इथे तो खरंच कमी पडला. तो गाणी सुटी घ्यायचा, इकडून एक, तिकडून दोन. एकेक गाणं गाजलं: १९०८ चं ‘शाइन ऑन, हार्वेस्ट मून’, १९२१ मध्ये फॅनी ब्राइसने फाटक्या कपड्यांत, दिव्याच्या खांबाला टेकून, कुठलीही विनोदी लकब न वापरता म्हटलेलं ‘माय मॅन’. पण रात्रभराचं संगीत एका हाताचं नसे. प्रतिस्पर्ध्यांनी नेमकी हीच फट हेरली. जॉर्ज व्हाइटच्या ‘स्कँडल्स’ या वार्षिक रेव्ह्यूने १९२० ते १९२४ सलग पाच वर्षं संगीतकार जॉर्ज गर्श्विनला धरलं. बर्लिनने १९२१ मध्ये स्वतःच्या म्युझिक बॉक्स थिएटरमध्ये स्वतःचाच रेव्ह्यू काढला. थिएटरमालक शुबर्ट बंधूंचा ‘पासिंग शो’ १९१२ पासूनच विंटर गार्डनमध्ये चालू होता, जुन्याच नावाने आणि फॉलीजला टक्कर द्यायलाच. यांतल्या प्रत्येकाने वर्षाचा आकडा, जिना, विनोदी ताफा आणि मिरवणूक झिगफेल्डकडून घेतली आणि त्याने जे सोडलं होतं ते स्वतः भरलं. प्रभाव मोजायचा तर हे माप मला सगळ्यांत भरवशाचं वाटतं: त्याच्याशी भांडणारेही त्याचाच सांगाडा वापरत होते.

‘शो बोट’चा उल्लेख करावा का, असं वाटत असेल तर जरूर करा, पण थोडक्यात. २७ डिसेंबर १९२७ ला झिगफेल्ड थिएटरमध्ये हा खेळ आला. जेरोम कर्न आणि ऑस्कर हॅमरस्टाइनची ही गंभीर संगीतिका पूर्ण उभी करायला जो माणूस पैसा आणि उर्बान देऊ शकत होता, तो रेव्ह्यूवाला होता. अनेक ठिकाणं आणि चाळीस वर्षांचा काळ एका रात्रीत फिरवायचं तंत्र, म्हणजे पुढे छोटा प्रवेश आणि मागे मोठा बदल, रेव्ह्यूतच घासून तयार झालं होतं. रेव्ह्यू मात्र पुढे आटला. १९२९ च्या शेअरबाजारात झिगफेल्ड बुडाला, त्याचा स्वतःचा शेवटचा फॉलीज १९३१ चा, आणि २२ जुलै १९३२ ला तो गेला. नंतर त्याचं नाव वापरून फॉलीज काढले ते शुबर्ट बंधूंनीच.

राहिला पुराव्याचा प्रश्न. मोठमोठ्या विशेषणांच्या मागे लागू नका. १९११, १९१५ आणि १९१९ या तीन वर्षांच्या कार्यक्रमपत्रिका शेजारी ठेवा. त्यांचं स्कॅन ऑनलाइन मिळू शकतं, आणि न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या रंगभूमी विभागाची यादी तपासण्यासारखी आहे. प्रत्येक प्रवेशापुढे तीन खुणा करा: पुढच्या पट्टीत होणारा की पूर्ण रंगमंचाचा, कोरसचा कोणता गट, आणि नेपथ्यकाराचं नाव आहे की नाही. पुढे-मागे असा क्रम कुठे नीट सापडतो आणि कुठे तुटतो ते दिसेल. १९१५ नंतर उर्बानचं नाव कुठे येतं तेही दिसेल. मग १९२२ च्या ‘स्कँडल्स’ची पत्रिका त्याच कोष्टकात बसवून बघा. जे बसतं ते झिगफेल्डकडून आलेलं असण्याची शक्यता आहे, जे बसत नाही त्याचं श्रेय जॉर्ज व्हाइट आणि गर्श्विनला द्या. कोष्टक करताना एक सावधगिरी बाळगा: छापलेली पत्रिका उद्घाटनाच्या आसपासची असते आणि प्रवेश हंगामभर बदलत राहत, म्हणून मिळाली तर त्याच वर्षाची दौऱ्यावरची पत्रिकाही घ्या. दोन्हींतला फरक म्हणजेच काटछाट, आणि ती कागदावर दाखवता येते.